पावणेदोन इंच

कोडोलीच्या विश्वतेज चौगुलेला अडीच इंची पाइप पाहिजे होता.
वडलांची एस्टीम, ऊन खाऊन बोनेट पांढरं पडलेलं,
आणि आवाज हवा होता असा
की बिंदू चौकात लोकांच्या माना वळाव्यात.
मी म्हटलं, वेल्डिंग माझं, हौस तुझी.
सायलेन्सरचा डबा कापला, सरळ नळी जोडली.
चावी फिरवली तसा शेजारच्या लेथवरचा मारुती सुतार
हातातला कॅलिपर टाकून बाहेर आला.

आठ दिवसांनी विश्वतेज परत. तोंड पाडून.
"वाघबिळाला तिसऱ्यात चढायची गा, शमाताई,
आता दुसरा टाकावा लागायलाय.
दुधाची पिकअप हॉर्न मारत फुडं गेली."

त्याला एकानं सांगितलेलं,
इंजिनला उलटा दाब लागतोच, दाबाशिवाय ताकद नाही.
दुसऱ्यानं सांगितलेलं, दाब म्हणजे गळफास, सगळा काढ.
दोघं चहा पिऊन गेले
आणि गाडी राहिली माझ्या पिटावर.

दाब कुणालाच लागत नाही, विश्वतेज.
लागतो तो वेग.
सिलिंडरमधनं सुटलेला धूर नुसता जात नाही,
पाठीमागं पोकळी सोडत जातो.
त्या पोकळीच्या ओढीनं
मागच्याचा उरलासुरला धूर बाहेर येतो,
रिकाम्या जागी ताजी हवा बसते.
नळी अरुंद, तर धूर तुंबतो,
पिस्टनची निम्मी मेहनत त्याला ढकलण्यात जाते.
नळी फार रुंद, तर धूर निवतो, रेंगाळतो,
बाजार उठल्यावर लक्ष्मीपुरीतनं हातगाडे परततात तसा,
कुणी कुणाला ओढत नाही.
वर, पाच हजारांच्या पुढं, चालतं ते.
पण घाट पाच हजारांवर कोण चढतंय?

त्याला पटेना. मग मी गवंड्याची लेव्हलची नळी आणली,
पाण्यात निळीचे चार थेंब,
एक टोक तांब्याच्या तुकड्यानं पाइपला,
दुसरं भिंतीला खिळ्यावर.
अडीच इंचीवर रेस धरली: पाणी चार बोटं हललं.
कापलेला जुना डबा मी टाकला नव्हता.
तो बांधून धरली: दोन फूट, आणि वर वर चाललं,
आतली जाळी गंजून आडवी पडलेली.
म्हणजे गाडी आधी घुसमटत होती
आणि नंतर सैल पडली.
मधलं कुणी विचारलंच नव्हतं.

पावणेदोन इंच. आरपार भोकांचा डबा, भोवती काचेची लोकर.
वाकवताना नळी चेपू दिली नाही,
वेल्डचा थेंब आत लोंबू दिला नाही.
निळं पाणी नऊ इंचांवर जाऊन थांबलं.

अब्बा तेवढ्यात आले.
चाळीस वर्षं पत्रा ठोकून दोन्ही कान गेलेत,
मशीन घातलं तर म्हणतात, किती आवाज करतंय जग.
उकिडवे बसले गाडीच्या मागं,
टोकापासून वीतभर अंतरावर तळहात धरला,
डोळे मिटले.
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
ओठ हलत होते. विश्वतेज मोबाइल खिशात घालून बघत राहिला.
"तीन नंबर जरा मागं पडतोय," अब्बा म्हणाले,
"प्लग बघ."
बघितला. फुलीच्या डोक्यावर काजळी.

"पण ताई, आवाज बारका झाला की गा."
झाला. चांगला झाला.
घशातनं न ओरडता पोटातनं बोलणाऱ्या माणसासारखा.

संध्याकाळी वाघबिळावरनं फोन आला.
काहीतरी सांगत होता मोठ्यानं,
वारं होतं, आणि इकडं सुताराचं लेथ,
मला एवढंच कळलं: तिसऱ्यात.
मी म्हटलं, बरं.
आणि पाचशे राहिलेत तुझे.