खाट नंबर अकरा

सांगलीचं सिव्हिल. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड.
मी दुसऱ्या वर्षाला. एप्रनला कडक इस्त्री,
खिशात चार रंगांचं पेन.
तळहात पिवळे, नखं पिवळी,
पावलांच्या भेगासुद्धा.
मी वहीत लिहिलं : कावीळ.
आणि खाली दोन रेघा ओढल्या, लाल.

आवळे सिस्टरांनी वाचलं.
चेहऱ्यावरची माशी हलली नाही.
खाटेच्या पायथ्याशी आम्ही सात जणी,
त्यांत मी सगळ्यांत ताठ.
"बरं," एवढंच म्हणाल्या,
"मामांना विचार, काम काय करतात."

"हळदीत असतोय की, बाई.
मार्केट यार्डात पोती उचलतोय, बावीस वरसं झाली.
साबण हरला, दगड हरला.
बायको म्हणती, तुमचं लगीन रोजच लागतंय."
हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली,
तिच्यासाठीच तर ते भरती झाले होते.
मुली हसल्या.
मी फरशीच्या टाइल्स मोजल्या.

सिस्टरांनी हात धुतले,
मग एकमेकांवर चोळून ऊबदार केले.
(हे त्यांनी कधीच शिकवलं नाही.
आम्ही सातही जणी आजवर करतो.)
खिडकीचा पडदा सरकवला :
"ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही.
मामा, खाली बघा, माझ्या चपलेकडं."
माझा अंगठा धरून पापणीवर ठेवला.
"उचल. हळू. रंग?"
"पांढरा."
"मग?"

त्या "मग"नंतर सिस्टर बोलल्याच नाहीत.
बाहेर रिक्षा भांडत होत्या,
कुणाचं तरी सलाइन संपत आलं होतं,
आणि त्या थांबून राहिल्या
जणू माझ्या उत्तराशिवाय
दुपार पुढं सरकणारच नव्हती.

नंतर व्हरांड्यात, दार लावून घेतल्यावर :
"पान फाडू नकोस.
चुकीवर एकच रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे अशी.
बरोबर काय ते लिही. सही कर. तारीख, वेळ."

*

आता पायथ्याशी मी उभी असते.
दर वर्षीच्या मुलींना मी हळदीची गोष्ट सांगते,
अगदी रंगवून, लगीन रोज लागतंय सकट,
आणि मुली नेमक्या जागी हसतात.
चांगली शिकवते मी, असं म्हणतात.

गेल्या माघात खाट चार. हमालच, तिशीतला.
तळहात तसेच.
मी तोंड उघडायच्या आत
तस्लीम मुजावर म्हणाली, "हळद, मॅडम!"
सगळ्या हसल्या.
अर्धं हसू माझ्याही ओठावर आलं होतं,
तेवढ्यात तो दंड खाजवू लागला.
झोपल्या झोपल्या, बेभान, नखांनी.

मी पडदा सरकवला.
"दादा, खाली बघा."
तस्लीमचा अंगठा धरला, तो थंड होता,
माझ्या हातात घेऊन थोडा चोळला.
तिनं पापणी उचलली
आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.
पांढऱ्याच्या जागी पांढरं नव्हतं.

व्हरांड्यात ती रडली. मी तिला पाणी दिलं.
चूक तुझी नाही, म्हणाले,
तू माझी गोष्ट पाठ केलीस,
डोळा बघायचा राहिला.
आणि गोष्ट सांगायला कुणाला नको असते?
माणसं हसतात, आपण मोठ्या होतो,
तास कसा भुर्रकन उडतो.

रात्री हॉस्टेलच्या खोलीत शिकवण्याची वही काढली.
पान सतरा : हळदीची गोष्ट, वेळ दहा मिनिटं.
त्यावर एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.
पुढं लिहिलं :
पडदा सरकवणे. "मग?" विचारणे.
गप्प राहणे.
जमेल तितका वेळ.

सही केली. तारीख. वेळ, रात्रीचे अकरा वाजून दहा.