तीन आडव्या रेघा

निपाणीला उतरले तेव्हा माझ्या बॅगेत
अकरा स्क्रीन होत्या, कागदावर छापलेल्या,
आणि एक फोन, ज्यात त्या चालत होत्या, बऱ्यापैकी.

टिळकवाडीच्या ऑफिसात सगळं बरोबर होतं.
‘पुढे’ बटणात मावायचं.
त्याचं कन्नड, मुंदुवरिसि, मावत नव्हतं,
दोन ओळींत मोडून पडायचं,
म्हणून बटणच रुंद केलं,
तर ‘पुढे’ दिसू लागलं
थोरल्याच्या शर्टात धाकटा उभा राहावा तसं.

शिवलीलाबाई मगदूमांनी मांडीवरचं सूप उतरवलं नाही.
फोन घेतला. उजव्या अंगठ्याचं नख
बिडीचं तोंड मुडपायला वाढवलेलं.
काच नखाला ओळखत नाही.
त्यांनी अंगठा आडवा केला.

भाषा निवडा.
इकडे पाटीला डांबर फासतात, मला ठाऊक आहे,
दोन्ही बटणं मी मापून एका उंचीची केली होती,
पिक्सेलला पिक्सेल.
“बोलायला दोनी,” बाई म्हणाल्या,
“वाचायला मराठी. मुकादमाशी भांडायला कन्नड.”
आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बटणं दाबली.
फोन अडकला.

“हे घर कुणाचं?”
सुरुवातीला जायचं असलं की ते दाबायचं.
“मग सुरुवात म्हणा की. आमच्या घरावर पत्रा हाय.”
भिंगाला त्या पळी म्हणाल्या.
मागं जाणाऱ्या बाणापाशी मात्र थांबल्या.
“हे दाबलं तर केलेलं जातंय?”
नाही, फक्त मागचं पान येतं.
“मागं गेल्यावर असतंय व्हय सगळं तितंच?”
याचं उत्तर मी लिहून घेतलं नाही.

मग म्हणाल्या, “छाट कुटाय?”

हजारामागे किती बिड्या बाद केल्या त्याचा हिशेब.
ते पान आधी दर्शनी होतं.
कारखान्याचे मॅनेजर, फार सभ्य माणूस,
चहा मागवून म्हणाले, जरा आत घ्या ते,
पुढं गर्दी वाटते.
मी आत घेतलं. तीन टप्पे आत.
आमच्या धंद्यात त्याला सुटसुटीत म्हणतात.

चाचणी घेणाऱ्यानं मदत करायची नसते.
मी घड्याळ बघत राहिले. चार मिनिटं.
शेजारच्या रुक्साना मुल्लांनी पानं कातरायची थांबवून
मान घातली फोनमध्ये.
“अगं, हे काय वर? तीन पट्टं?”
“विभूती की ती!” शिवलीलाबाई हसल्या.
“कपाळावर हाय, आन आमी पोटात हुडकायलोय.”

अंगठा तिथवर पोचेना.
ताणला, तर सूप कललं, जर्दा सांडला काचेवर.
पदरानं पुसता पुसताच यादी उघडली:
माझे खाते. नियम. मदत.
मदतीच्या आत, इतर.
“इतर म्हंजे आमीच असणार,” रुक्साना म्हणाल्या.
होत्या.
हजारामागे त्रेचाळीस.
“सोमवारी छत्तीस म्हणालता,”
एवढंच बोलून बाईंनी फोन परत दिला
आणि पुढची बिडी वळायला घेतली.

तवंदी घाटात रेंज गेली.
मी फाइल उघडली. छाट
ओढत ओढत खाली आणली, अंगठा आपसूक टेकतो तिथं.
तिला जागा व्हावी म्हणून
दिवसाचा सुविचार काढून टाकावा लागला.

बदल जतन करायचे?
हो. नाही.
दोन्ही एका मापाची, माझीच.
संकेश्वरपर्यंत तशीच बसले.
मग नखानं दाबून पाहिलं.
काहीच झालं नाही.

अंगठा आडवा केला.