आणेवारी

पडद्यावर सतरा टक्के.
खाली बारीक इंग्रजीत: पुढचे बहात्तर तास.

संमतीचा कागद कन्नडमध्ये,
सर इंग्रजीत,
गोकाकची सिस्टर दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत,
आणि यल्लूबाई बिर्जे, मुक्काम कडोली,
चपला हातात घेऊन काचेपाशी उभ्या.
मला म्हणाल्या, तू मराठी न्हवं?
काय म्हणालंय ते मशीन?

मी सांगितलं, असे शंभर असले तर सतरा वाचतात.
असे म्हंजे कसे?
असे. ह्या वयाचे, ह्या रक्ताचे, एवढ्या लघवीचे.
त्या गप्प. मग,
रुपयात किती आणे ते सांग.

साडेचार वर्षं शिकलेली मी
मोबाइल काढून गुणाकार केला.
पावणेतीन.
पावणेतीन, त्या दोनदा म्हणाल्या,
तलाठी भात न बघताच बांधावरून लिहून जायचा
तेव्हा म्हणाल्या असतील तसं.

नागोजी बिर्जे, उद्यमबागेत एकतीस वर्षं भट्टीवर.
लोखंडाचा रस डोळ्यानं ओळखायचे.
तापमापक आला तेव्हा आधी ते आकडा सांगायचे,
मग साहेब कांडी बुडवायचा.
दहा-बारा अंशांचा फरक.
चूक कुणाची, ते लिहायला रकाना नव्हता.
तिथली काळी वाळू
आता एक्स-रेत पांढरी दिसते.

मशीन चाळीस हजार मरणं वाचून शिकलंय म्हणे.
त्यांत कडोलीचं एखादं होतं का,
हे मी सरांना विचारलं नाही.
राउंड संपत आला होता, आणि मला भूकही लागली होती.

रात्री अकराला चौदा. सव्वादोन आणे.
त्यांनी आत हात घालून तळवे चाचपले.
गरम हाईत की अजून. श्वास घ्यालाय.
तो श्वास दुसऱ्या यंत्राचा, हे सांगायचं
मी सिस्टरवर सोपवलं, सिस्टरनं माझ्यावर.
तिनं फक्त विचारलं, ऊटा आतेन्री?
यल्लूबाईंनी मान हलवली. जेवल्या नव्हत्या.

दोनला नऊ. ह्या वेळी त्यांनी विचारलं नाही.
पोरगा चाकणहून निघालाय, निपाणी सोडली, एवढंच.

चारला सहा.
चार वाजून बारा मिनिटांनी नागोजी बिर्जे गेले.
पोरगा हत्तरगीच्या नाक्यावर, फास्टॅग चालत नव्हता.

पडदा तासातासानं बदलतो.
मी कागद भरत होते, सिस्टर नळ्या काढत होती,
आणि पाच वाजेपर्यंत तिथं
सहा टक्के तसेच होते,
न विचारता मी हिशेब केला:
एक आणा.