अकराव्या सेकंदाला

एलिंग रात्री दीडला फोन करतो:
"आस्लाक, डाव्या पंखाखाली तू पत्रा बदललास ना,
तिथे रिव्हेटच्या ओळी किती? दोन की तीन?"
मी म्हणतो, रात्र झाली, झोप.
तो म्हणतो, वाडसॉला नोव्हेंबरपासून रात्रच आहे.

एकवीस वर्षं त्याने ते ट्विन ऑटर उडवलं.
टपाल, माशांची खोकी, अडलेल्या बाया, एकदा दातांचा डॉक्टर,
बोट्सफ्योरच्या आडव्या वाऱ्यात
खेकड्यासारखं तिरकं तिरकं उतरवलं.
मग कुणीतरी त्याच्या छातीचा आलेख पाहिला
आणि परवाना टेबलाच्या पलीकडे ठेवून घेतला.
विमान भंगारात गेलं. त्याच महिन्यात.

आता तो पडद्यावर तेच विमान घडवतोय.
तेच. तसलं नव्हे.
थ्रॉटल छताला होते, हात वर करून ढकलायचे,
हे कुठल्याही पुस्तकात मिळेल.
पण उजवा जरा अडायचा,
आणि इंधनाचा काटा
टिचकी मारल्याशिवाय खरं बोलायचा नाही,
हे फक्त त्याला आणि मला ठाऊक.
ती टिचकीसुद्धा घातलीय त्याने. चार रात्री लागल्या.

सिम्युलेटरमध्ये कळ दाबली की सूर्य उगवतो.
तो दाबत नाही.

परवा त्याची भाची सिन्ने चालवून बघत होती.
"मामा, हे डावीकडे ओढतंय. नीट कर."
एलिंग खुर्चीतून अर्धा उठला:
"ओढायचंच ते. उजव्या पायाने बोलत राहायचं त्याच्याशी."
मी गप्प.
अकरा वर्षं टॉर्च दातात धरून
मी तो दोष शोधत होतो.

इंजिनाच्या आवाजाची कॅसेट माझीच.
बेअरिंग कुरकुरतं का ते कळावं म्हणून
हँगरच्या दारात टेप केलेली, उणे एकोणीसला.
आधी बारीक शीळ,
मग आत कुठेतरी ज्योत धरते,
मग पाती दिसेनाशी होतात, आवाजातसुद्धा.
आणि अकराव्या सेकंदाला
माझी शिंक.

"काप ती," मी म्हटलं.
"का? इंजिनाचीच आहे."

काल पेरूहून एका पोराचं पत्र आलं:
इंजिन झकास सुरू होतं,
पण थंडी कुणाला वाजतेय?

एलिंगने अजून उत्तर लिहिलेलं नाही.
फोनवर श्वास ऐकू येतोय, पेन्सिल धरून बसला असणार.
तीन, मी सांगतो. तीन ओळी.
तिसरी वाकडी गेली होती, हात गारठला होता माझा.
वाकडीच काढ.