कूलरचा आवाज वगळून

मे महिना. टाकळीच्या पोलीस लाइनीमागे
शेषराव बोंदाडे यांचं दोन खोल्यांचं घर,
खिडकीत कूलर, त्यात यंदाचा नवा वाळा.
रेकॉर्डर स्टुलावर ठेवला, खाली रुमाल घातला,
तरी प्रत्येक वाक्याच्या बुडाशी घरघर आहे.
बंद करू का, त्यांनी विचारलं होतं.
बाहेर सेहेचाळीस. राहू द्या, म्हटलं.

नाव सांगा, हुद्दा सांगा.
नावाआधी त्यांनी बक्कल नंबर सांगितला.
सोबतचेही सगळे नंबरच:
बाराशे चार फार हसायचा,
नऊशे एकोणसाठला बंदोबस्तावर साप चावला,
वाचला, मग दारूनं गेला.
त्याचं नाव काय होतं?
ते बराच वेळ वाळ्याकडे पाहत राहिले.
"नाव होतं ना, बाई. चांगलं नाव होतं."

"अधिवेशन म्हणजे आमची दिवाळी न् आमचाच शिमगा.
बाहेरगावचे पोरं येत बंदोबस्ताले,
तणसावर सतरंजी टाकून झोपत.
त्याइले वाटे नागपूर म्हणजे नुसती गरमी!
रात्री दात वाजत त्याइचे, आम्ही हासो.
पहाटे तर्री-पोहे आले का
पयले हात शेकून घ्यायचे, मंग खायचं."

त्या डिसेंबरचं सांगा, मी म्हटलं.

"मोर्चा टी-पॉइंटला अडवण्यात आला.
सूचना देण्यात आल्या.
सौम्य बळाचा वापर करण्यात आला.
जमाव पांगवण्यात आला."

टंकताना मी इथे थांबते.
इथे त्यांचं 'त्याइले' जातं, 'मंग' जातं,
वाक्यातून माणूसच उठून जातो
आणि खुर्चीत एक कागद बसून बोलतो.

कोणी केला वापर? मी विचारलं.

त्यांनी उजवा हात उचलला,
कानामागे नेला.
टेपवर यातलं काहीच नाही. अकरा सेकंद घरघर.
मी कंसात लिहिलं: हात वर.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
खाली आणला का, कसा आणला, ते मला लिहिता येत नाही.
मी तेव्हा वहीत पाहत होते.

मग ते उठले, बादलीभर पाणी कूलरमध्ये ओतलं.
पाण्याचा आवाज स्पष्ट आला आहे.

त्यावरून, आतून, भांड्यांमधून एक बाईचा आवाज:
"त्या रात्री जेवले नाही हे.
पिशवीतून एक चप्पल आणली. एकच. बाईमाणसाची, अंगठा तुटलेली.
म्या इचारलं, कोनाची? तं म्हने,
जमा करायची हाय."

"केली?"

"कायची करतेत! तीन क्वाटरं बदलले,
दर खेपेले सामानात म्याच बांधली.
माळ्यावर हाय, जुन्या कुकरात."

शेषराव काही बोलले नाहीत.
मी डायरीबद्दल विचारलं, ठाण्याच्या.
"मुद्देमाल, निरंक," ते म्हणाले.
आणि थोड्या वेळानं,
"अक्षर माझंच हाय."

आमच्या नमुन्यात घरच्यांच्या आवाजाला रकाना नाही.
सूचना आहे: पार्श्वभूमीचे आवाज, उदा. कूलर,
रहदारी, इतर व्यक्ती, वगळावेत.
संमतीपत्रावर एकाच सहीची जागा.
मी समासात पेनानं दुसरी रेघ ओढली,
जरा वाकडी आली.

त्या बाहेर आल्या, पदराला हात पुसत.
रेघेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.
"इथं नंबर टाका लागते का?"
नाव, मी म्हटलं.
"पंचफुला."
आणि स्टुलाकडे थोडं वाकून,
घरघरीवर जाईल इतक्या मोठ्यानं, पुन्हा.