मनगट

खोली नंबर नऊ. ससूनची जुनी इमारत,
लिफ्टच्या मागे, जिथे पंखा आहे पण हवा नाही.
मी विलास कुदळे. सव्वीस वर्षं हाडांचे फोटो काढतो:
पडलेल्यांचे, घसरलेल्यांचे, स्कूटरवरून उडालेल्यांचे.
आणि महिन्यातून तीन-चारदा
एखादं न मोडलेलं हाड येतं,
पोलिसाबरोबर.

कागदावर नाव नसतं. नसावंच.
या एका बाबतीत कायदा मला घरचा वाटतो,
लेकीचं नाव चव्हाट्यावर आणू नये म्हणणारा.
नावाच्या जागी आकडा. आकड्याखाली प्रश्न:
वय?

काल आली ती वाकडच्या अकराव्या मजल्यावरून.
दोन वर्षं तिथे भांडी, लादी, दुसऱ्याचं बाळ,
आणि दाराला बाहेरून कडी.
आणणाऱ्यानं घरी सांगितलं होतं, शाळेत घालतो.
(हे हवालदार गोडांबेबाई बोलल्या. मी विचारलं नव्हतं.)
तिची बोली सादरी. दुभाष्या गुरुवारी येणार.
म्हणून मी माझाच पंजा प्लेटवर ठेवून दाखवला,
भाकरी थापावी तसा. असा.
तिनं ठेवला. प्लेट गार होती, दचकली,
पण सांगेपर्यंत हात काढला नाही.
सांगेपर्यंत हात न काढणं
तिला कुणी, कसं शिकवलं असेल,
ते मी नोंदवहीत लिहिलं नाही.
तिथे तो रकानाच नाही.

पोरांच्या हाडाला टोकाशी एक फट असते.
फट आहे म्हणजे वाढ चालू आहे.
पडद्यावर तिची दिसली:
पांढऱ्या हाडात काळी रेघ,
सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी.

डॉक्टर लिहितील, चौदा ते सोळा.
मग शिवाजीनगरला कोर्टात एक वकील उठेल,
मी साक्षीला गेलोय, मला त्याचा आवाजही पाठ आहे:
दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, मिलॉर्ड.
सोळाची अठरा.
एवढ्या अदबीनं, भरल्या कोर्टात, मूल मोठं होतं.
इतकी झरझर वाढ
मी कुठल्याच फिल्मवर पाहिलेली नाही.

मला कायद्यातलं फार कळत नाही.
पण पुस्तकात एक ओळ घाला, ठळक ठशात:
दोन वर्षं झुकायचीच असतील
तर पोरीकडे झुकोत.
ज्यानं आणलं, ज्यानं ठेवलं,
ज्यानं मधल्यामध्ये नऊ हजार मोजून घेतले,
त्यांना हिशेब विचारा, आधी त्यांना.
आणि पुढची तारीख देताना ध्यानात असू द्या,
ही फट तुमच्या तारखांसाठी थांबत नाही.
निकाल लागेल तेव्हा मिटलेली असेल.

संस्थेच्या रेवतीताई ढमढेरे बाकावर बसून
मागल्या वर्षीच्या पोरीचं सांगत होत्या.
भरपाई मंजूर, पैसे बँकेत,
आणि मशीनवर अंगठा लागेना.
भांड्यांच्या पावडरीनं रेषाच खाल्ल्या होत्या.
मशीन म्हणे, ही ती नव्हेच.
येरवड्याहून पीएमपीनं तीन खेपा.
चौथ्या खेपेला मॅनेजर सहीवर तयार झाला.
सही ती तोवर शिकली होती, दीड महिना, पाटीवर,
शेवटच्या अक्षराला
एक उगाचची वेलांटी.
छाप्याला एक सकाळ पुरते, ताई म्हणाल्या,
बाकीचं हे असं लागतं.

जाताना ती पडद्यापाशी थांबली.
उजव्या हातात डावं मनगट धरलं,
हाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि काहीतरी विचारलं.
चार शब्द असतील. शेवटचा वर चढलेला.
गोडांबेबाईंना कळलं नाही. ताईंना नाही. मला नाही.

गुरुवारची माझी रजा होती, भाचीचा साखरपुडा.
संध्याकाळी येतो म्हणून कळवलंय.
दुभाष्या सकाळी अकराला येतो.