दुसरं रीळ

मिनेसोटाच्या वरच्या टोकाला
लोखंडाची खाण बंद पडली,
पाठोपाठ 'लॉरेल' टॉकीज.
एकवीस वर्षं कबुतरांनी पाहिला
रिकामा पडदा.

आता छत नवं. खुर्च्यांखालचं च्युइंगम
व्हर्नाबाईंनी पेचकसानं खरवडलं;
बादलीभर निघालं,
त्यात कुणाचा तरी दुधाचा दात.

आज शाळेचं नाटक. बाहेर गुडघाभर बर्फ.
वर, यंत्राच्या खोलीत, एइनो लाहतेला,
वय शहाऐंशी, कुणी न बोलावता आलेला,
भोकाला डोळा लावून.
दर वीस मिनिटांनी त्याचा उजवा हात
आपसूक उठतो,
शेजारचं मशीन चाचपतो,
जे केव्हाच भंगारात गेलं.

खाली लांडगा झालेली पोरगी
मध्येच अडते.
कुणी खोकतसुद्धा नाही.

हात उठतो.
'हं, आता,' तो पुटपुटतो,
आणि ती बोलू लागते,
भलतंच काहीतरी,
पण खणखणीत.